कुलूप तोडले, आता सामानाचे काय?

लोखंडी कपाट एक, आरसा तडकलेला. स्टीलचा पिंप एक. लाकडी पलंग एक, पाय हलतो. देव्हारा एक, आत देव नाहीत. गोधड्या चार. शिवणयंत्र, बंद. कॅलेंडर, मागच्या वर्षाचे.

ताबा घेताना केलेल्या पंचनाम्याची यादी साधारण अशी असते. बेलीफ सांगतो, कारकुनी हाताने कोणीतरी लिहितो, दोन पंच सही करतात. कुटुंब देव घेऊन गेलेले असते आणि देव्हारा तिथेच असतो, यावरून शेवटच्या सकाळची घाई कळते. त्यानंतर खोलीत उरतात एक घरमालक, एक नवे कुलूप आणि हा पिंप. आता पिंपाचे काय करायचे?

भाडेकरूला बाहेर कसे काढावे याविषयी आपल्याकडे कायदे आहेत, त्यांवरच्या टीका आहेत, गल्लोगल्ली तज्ज्ञ आहेत. पिंपाविषयी मात्र जेमतेम चार ओळी आहेत, आणि त्याही चार निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेल्या. जागा खाली करण्याच्या भांडणात सामान हा किरकोळ शेवट मानला जातो. माझे मत उलट आहे. पुष्कळदा सामान हाच ताबा असतो. माणूस कधीच विरारला किंवा गावी गेलेला असतो, खोली लढवत असते ती आतली ट्रंक. म्हणून हा आढावा माणसापासून सुरू करून ट्रंकेपर्यंत न्यायचा आहे.

मुंबईत भाडेनियंत्रण आले ते पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली. मग दुसरे महायुद्ध, फाळणी, गिरण्यांकडे येणारे लोंढे आणि १९४७ चा मुंबई भाडे कायदा. या कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढी घेत पन्नास वर्षांवर टिकला. भाडे तेच, जागेची किंमत मात्र आभाळाला; या दोहोंमधल्या फटीतून पागडी आली. भाडेकरूने मालकाला रोख मोजायची, पुढच्या भाडेकरूकडून वसूल करायची आणि मालकाला त्यातला वाटा द्यायचा. कागदावर गुन्हा आणि व्यवहारात रीत, असा हा प्रकार १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने अखेर उजेडात आणला. अनामत किंवा प्रीमियम घेणे तेव्हापासून कायदेशीर झाले.

घरमालकांच्या मनात खरी धडकी भरवली ती १९७३ ने. त्या वर्षीच्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेत असलेले लोक संरक्षित भाडेकरू ठरले. रात्री झोपताना पाहुणा होता, सकाळी भाडेकरू झाला, अशी मालकांची भावना झाली. ‘अकरा महिन्यांच्या वर द्यायचेच नाही’, ‘दिलेली जागा परत येत नाही’ ही वाक्ये आजही घराघरांत ऐकू येतात. त्यांतली पहिली भीती कायद्याने केव्हाच निकाली काढली, तरी ती जात नाही. रिकामे फ्लॅट कुलूपबंद ठेवण्याची सवय याच भीतीची.

सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये सांगितले की गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्याय्य झाल्या आहेत. जुन्या कायद्याची मुदत संपतच आली होती म्हणून न्यायालयाने त्या रद्द केल्या नाहीत. राज्याने नवा कायदा करावा अशी अपेक्षा ठेवली. तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. अंमल ३१ मार्च २००० पासून. भाडे वर्षाला चार टक्के वाढवता येऊ लागले. बँका आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या संरक्षणाबाहेर गेल्या. चाळीतल्या भाडेकरूचे कवच मात्र जवळजवळ तसेच राहिले.

त्यामुळे आज महाराष्ट्रात ‘भाडेकरू काढायचा’ म्हटले की पहिला प्रश्न विचारायचा: कोणता भाडेकरू? पागडीचा की लीव्ह अँड लायसन्सचा? दोघांना मराठीत आपण एकच शब्द वापरतो. कायद्याच्या लेखी त्यांची जात वेगळी आहे.

पागडीच्या किंवा जुन्या भाडेकरूविरुद्ध दावा मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतो. लोकांच्या तोंडी ‘स्मॉल कॉज’. मुख्य इमारत धोबीतलावला, शाखा बांद्र्याला. कारणे कलम १५ आणि १६ मध्ये मोजून दिली आहेत: भाडे थकवणे, पोटभाडेकरू ठेवणे, परवानगीवाचून पक्के बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव, मालकाची स्वतःची खरी गरज, इमारत पाडून नवी बांधणे. यांतले थकबाकीचे कारण ऐकायला सर्वांत सोपे आणि वापरायला सर्वांत बोथट. आधी नोटीस द्यायची, नव्वद दिवस थांबायचे, मग दावा. समन्स मिळाल्यापासून पुन्हा नव्वद दिवसांत भाडेकरूने सगळी बाकी दरसाल पंधरा टक्के व्याजाने, दाव्याच्या खर्चासह भरली तर हुकूमनामा होत नाही. शहाणा भाडेकरू या कारणाने सहसा जात नाही. खऱ्या गरजेच्या दाव्यात न्यायालय दोघांचा त्रास तोलते. मालकाला दुसरी जागा आहे का, भाडेकरूला आहे का. असा ताबा घेऊन मालक महिन्याभरात राहायला आला नाही, किंवा वर्षाच्या आत जागा दुसऱ्याला दिली, तर जुना भाडेकरू ती परत मागू शकतो.

या सगळ्यांत सामानाशी थेट नाते असलेले कारण एकच, आणि मला ते सर्वांत बोलके वाटते. दाव्याच्या लगत आधीचे सलग सहा महिने, सबळ कारणावाचून, ज्या कामासाठी जागा दिली त्या कामासाठी ती वापरली नाही, तर ताबा मागता येतो. गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळींत हे कारण घरोघर लागू पडण्यासारखे. मुले डोंबिवलीला, बदलापूरला गेली, म्हातारी होती तोवर खोली जागती होती, मग कुलूप. दिवाळीत एक दिवस येऊन जाळ्या काढायच्या, पणती लावायची आणि जायचे.

दावा उभा राहिला की खोलीच साक्ष देऊ लागते. विजेचे बिल किमान आकाराचे येते का? सिलिंडर शेवटचा कधी घेतला? रेशन कार्ड कुठल्या पत्त्यावर? मतदार यादीत नाव कुठे? दूधवाला, पेपरवाला, शेजारची काकू. भाडेकरूचा बचाव ठरलेला असतो: ‘आमचे सामान आत आहे.’ म्हणूनच ते आत ठेवलेले असते. तडकलेल्या आरशाचे कपाट डोंबिवलीला नेण्यासारखे नसतेच, पण खोलीत ते पहारेकऱ्याचे काम करते. आता कायदा विचारतो ते वापराबद्दल. राहायला दिलेल्या खोलीत पिंप उभा असणे म्हणजे तिथे राहणे असे म्हणणे जड जाते. तरी पहारा सुरूच असतो, कारण पुनर्विकास होऊन मिळणाऱ्या फ्लॅटची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे. यात भाडेकरूला लबाड ठरवण्याची घाई मी करणार नाही. तीन पिढ्यांनी डागडुजी केलेली, पागडी मोजलेली खोली आहे ती. त्याच्या लेखी ते सामान म्हणजे सातबारा.

लीव्ह अँड लायसन्सची वाट वेगळी आणि कागदावर तरी आखूड. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि मुख्य म्हणजे अटींबद्दल वाद झाला तर राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपूनही लायसन्सधारक निघाला नाही तर मालक दिवाणी न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. समन्स लागल्यावर तीस दिवसांत राहणाऱ्याने बचावाची परवानगी मागायची; मागितली नाही तर अर्जातला मजकूर कबूल धरून आदेश होतो. नोंदवलेला करार हा त्यातल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा. मुदतीनंतरच्या काळाला लायसन्स फीच्या दुप्पट नुकसानभरपाई. आदेशावर अपील नाही, फक्त फेरतपासणी. दुकान किंवा ऑफिसला ही वाट नाही. मुंबईत त्यासाठी १८८२ च्या प्रेसिडेन्सी स्मॉल कॉज कोर्ट कायद्याच्या कलम ४१ खाली दावा लावावा लागतो.

१९७३ पासून मनात बसलेली भीती खरे तर इथेच सुटायला हवी होती. अकरा महिन्यांनी कागद बदलण्यात आता काही जादू उरलेली नाही. करार अकराचा असो की छत्तीसचा, नोंदवलेला आणि नीट लिहिलेला असला की पुरे.

दोन्ही वाटांवर एक दगड मात्र सारखा आहे: स्वतःच्या हाताने बाहेर काढता येत नाही. मुदत संपलेली असो, भाडे वर्षभर थकलेले असो, राहणारा उद्धट असो. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६८ मध्ये लल्लू यशवंत सिंग खटल्यात सांगितले आणि १९८९ मध्ये कृष्णा राम महाले खटल्यात पुन्हा सांगितले. स्थिर ताब्यातल्या माणसाला कायद्याच्या मार्गावाचून हुसकावता येत नाही. हुसकावलेच, तर तो सहा महिन्यांच्या आत १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम ६ खाली दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि तिथे ‘घर कोणाचे’ हा प्रश्नच विचारला जात नाही. पाणी किंवा वीज तोडणे हा भाडे कायद्यात गुन्हा आहे. तरीही ‘कुलपावर कुलूप’ हा खेळ शहरोशहरी चालतो. राहणारा चार दिवस बाहेर गेला की मालक त्याच्या कुलपाशेजारी आपले लावतो. पोलीस चौकीत गेले की बहुधा एकच वाक्य ऐकू येते, ‘दिवाणी बाब आहे.’ ते पूर्ण खरे नाही. आतली औषधे, शाळेचे दाखले, कामाची हत्यारे अडकवून ठेवणे फौजदारी अंगालाही जाऊ शकते.

आता तो दिवस. निकाल लागला, अपील संपले किंवा स्थगिती मिळाली नाही. स्थगिती मिळालीच तर ती हल्ली फुकट नसते. २००४ च्या आत्माराम प्रॉपर्टीज निकालापासून अपिलात गेलेल्या भाडेकरूला बाजारभावाने भरपाई भरायला सांगता येते, आणि पंचाहत्तर रुपये भाडे देणाऱ्याला हजारांत आकडा ऐकला की तडजोड सुचते. तरीही निघाला नाही तर मालक हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त लावतो. दाव्याला लागलेली वर्षे सगळे मोजतात, दरखास्तीला लागलेली फारसे कोणी मोजत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा खटल्यात दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा असे बजावले. बजावावे लागले, यातच सगळे आले.

ताबा वॉरंट निघते आणि बेलीफ येतो. नियम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मधला पस्तिसावा. दार उघडले नाही तर योग्य इशारा देऊन कुलूप तोडता येते. पडदानशीन स्त्री आत असेल तर तिला बाहेर पडायला वेळ आणि सोय द्यायची. १९०८ मधल्या मसुदाकारांना त्या स्त्रीची आठवण होती. तिच्या पेटीचा मात्र मूळ नियमात उल्लेख नाही. प्रत्यक्षात कुलूप तोडण्यासाठी आणि पोलीस बंदोबस्तासाठी न्यायालयाकडून वेगळी परवानगी घेतली जाते, बंदोबस्ताचे पैसे मालक भरतो आणि कुलपाची चावी बनवणारा नाक्यावरून आणला जातो. जिन्यात शेजारी जमतात. कोणी मोबाईलवर चित्रीकरण करतो. एखादा लांबचा भाचा उगवून ‘मी इथे राहतो’ म्हणतो. तो हरकतदार, आणि त्याची हरकत त्याच दरखास्तीत ऐकावी लागते. पुन्हा तारीख.

हरकत नसली तर सामान बाहेर येऊ लागते. आधी गॅलरीत, मग जिन्यात, मग रस्त्याकडेला. भाडेकरू हजर असेल तर टेम्पो बोलावतो आणि प्रश्न मिटतो. तो हजर नसेल, किंवा हजर असून ‘नेणार नाही, काय करायचे ते करा’ म्हणाला, की आपण सुरुवातीच्या यादीपाशी येतो.

इथे घरमालकाच्या डोक्यात तीन कल्पना येतात आणि तिन्ही चुकीच्या असतात. पहिली: घर माझे, म्हणजे आतले माझे. दुसरी: भाडे थकले आहे, फ्रीज विकून वळते करू. तिसरी: टाकून गेला म्हणजे सोडून दिले, भंगारवाल्याला बोलवा.

पहिली तर उघडच चूक. हुकूमनामा भिंतींचा आहे, पिंपाचा नाही. दुसरीसाठी करार कायदा, १८७२ उघडावा. कुठल्याही बाकीपोटी हातातला माल अडवण्याचा सर्वसाधारण हक्क कलम १७१ ने बँकर, अडते, धक्क्यावरचे वखारदार, हायकोर्टातले ॲटर्नी आणि विमा पॉलिसीचे दलाल यांना दिला आहे. वेगळा करार नसेल तर घरमालक त्या यादीत नाही. मालासाठी खास झालेला खर्च मागता येतो, थकलेले भाडे नाही. गंमत अशी की १८८२ च्या स्मॉल कॉज कायद्यात भाड्यापोटी भाडेकरूचा जंगम माल जप्त करण्याचे एक स्वतंत्र प्रकरण मुंबई, कलकत्ता, मद्रास या तीन शहरांसाठी घातलेले आहे. इंग्रजांच्या घरची ही जुनी चाल. पण इथे तीही मालकाच्या हाती दिली नव्हती. न्यायालयाचे वॉरंट आणि बेलीफ लागायचेच. खुद्द इंग्लंडने भाड्यापोटी माल उचलण्याचा तो प्राचीन हक्क ६ एप्रिल २०१४ रोजी मोडीत काढला. शिवाय हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी रीतसर जप्ती आणली तरी दिवाणी संहितेच्या कलम ६० ने अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे यांना हात लावायला मनाई केली आहे. यादीतला पिंप, गोधड्या आणि बहुधा शिवणयंत्रसुद्धा जप्तीतून सुटते. राहते काय? तडकलेला आरसा.

तिसरी कल्पना सर्वांत धोक्याची, कारण ती अर्धी खरी वाटते. सोडून देणे हा हेतूचा प्रश्न आहे आणि हेतू गैरहजर माणसाचा असतो. भंगारवाला गेल्यावर तो माणूस येतो आणि म्हणतो, कपाटात दहा तोळे होते. नसतीलही. पण नव्हते हे आता कोण सांगणार? यादी केली नसेल तर कोणीच नाही. मग तक्रार चोरीची, नाहीतर अपहाराची होते आणि दिवाणीत जिंकलेला मालक फौजदारीत जामीन शोधतो.

मग कायदा करायला काय सांगतो? लायसन्ससाठी एक सुंदर, आखूड ओळ आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचे कलम ६३: लायसन्स रद्द झाले की लायसन्सधारकाला जागा सोडायला आणि तिथे ठेवू दिलेला माल हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क आहे. वाजवी म्हणजे किती, ते सांगितलेले नाही. पट्ट्याने दिलेल्या जागेबाबत त्याच वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये आहे की जमिनीला जोडलेल्या वस्तू भाडेकरूने ताबा असेपर्यंत काढून न्याव्यात. ताबा गेल्यावर नाही. पोटमाळा, खिडकीची जाळी, भिंतीत बसवलेले मांडणीचे फळकूट यांचा निकाल इथे लागतो. सुटा पिंप या ओळीत बसत नाही.

सुट्या मालाला सर्वांत जवळची ओळ करार कायद्यातली: दुसऱ्याची वस्तू सापडली आणि आपण ती ताब्यात घेतली तर आपली जबाबदारी अनामत ठेवून घेणाऱ्याइतकी. स्वतःच्या तशाच वस्तूची साधारण शहाणा माणूस घेतो तेवढी काळजी घ्यायची. सहसा विकली जाणारी वस्तू असेल, धनी वाजवी शोध घेऊनही सापडत नसेल किंवा वाजवी खर्च द्यायला नकार देत असेल, आणि ती नासण्याच्या बेतात असेल किंवा झालेला खर्च किमतीच्या दोन तृतीयांशावर गेला असेल, तर सापडणाऱ्याला ती विकता येते. ही तरतूद रस्त्यात सापडलेल्या घड्याळासाठी लिहिली आहे. ती पलंगाला लावायची म्हणजे ओढाताण आहे, कारण इथे धनी कोण हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी तिच्यातून व्यवहाराची शिस्त मिळते: शोध घ्या, कळवा, सांभाळा, खर्चाचा हिशेब ठेवा, आणि मगच विका.

काही वस्तू विकण्याच्या पलीकडच्या असतात. दाखले, पासबुके, फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात बंद करून ठेवायच्या. त्यांना बाजारात किंमत नाही आणि धन्याला त्यांच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही. गॅसचा सिलिंडर तेल कंपनीचा, जोडणी ग्राहकाच्या नावावर. जिन्याखाली धूळ खात पडलेली स्कूटर आरटीओत ज्याच्या नावावर आहे त्याच्या सहीवाचून दुसऱ्याच्या नावावर होत नाही. पार्किंग अडवले तरी. राहणारा एकटा असतानाच वारला असेल तर प्रश्न आणखी नाजूक. पहिला नातेवाईक दारात आला म्हणून कपाट त्याच्या हवाली करू नये. दुसरा उद्या येतो. वारस ठरण्याची वाट पाहावी, आणि दिलेच तर यादीवर पोहोच घेऊन, साक्षीदारांसमोर.

हा सगळा गोंधळ एकाच वेळी, हजारो खोल्यांत पाहायला मिळाला तो २०२० मध्ये. पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार पेठांत स्पर्धा परीक्षेची मुले कॉट बेसिसवर राहतात. मार्चमध्ये टाळेबंदी लागली तशी ती पाठीवर एक पिशवी घेऊन गावी गेली. पंधरा दिवसांत परत येऊ या हिशेबाने मागे राहिले ते गादी, टेबल, कुकर आणि पुस्तकांचे गठ्ठे. महिने गेले. भाडे कोणी भरायचे? राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल २०२० रोजी भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, थकबाकीसाठी कोणाला घराबाहेर काढू नका, अशा सूचना दिल्या. सामानाबद्दल त्यांत काय असणार? अनेक मालकांनी समंजसपणे गठ्ठे बांधून माळ्यावर ठेवले. काहींनी आधी भाडे, मग पुस्तके असा पवित्रा घेतला. परीक्षा तोंडावर असलेल्या मुलाला टिपणांची वही अडवून धरणे हे मालकाला दुसऱ्या कुठल्याही तगाद्यापेक्षा परिणामकारक वाटले असणार. कायद्यात त्याला आधार नव्हता. पण ती मुले दोन हजारांच्या पुस्तकांसाठी कोणत्या न्यायालयात जाणार होती?

गोव्यात गोष्ट वेगळी. तिथे भाड्याच्या इमारतींसाठी १९६८ चा स्वतंत्र कायदा आणि भाडे नियंत्रक आहे, शिवाय भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने हुसकावण्यापासून संरक्षण दिले. पण गोव्यातले गाजलेले प्रकरण राखणदारीचे आहे. मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवले की राखणदार किंवा नोकर कितीही वर्षे घरात राहिला तरी त्याला घरात हक्क मिळत नाही. तो मालकाच्या वतीनेच ताबा सांभाळतो. मालक परदेशी आणि घरात दुसराच माणूस, असे कितीतरी वाडे गोव्यात आहेत. तिथे चाळीच्या बरोबर उलटे चित्र दिसते: सामान मालकाचे, राहणारा वेगळा.

धोकादायक इमारतींचे घाईचे स्थलांतर हा आणखी एक कोपरा. मुंबईत पावसाळ्याआधी सी-१, म्हणजे अतिधोकादायक, वर्गातल्या इमारतींना महापालिकेच्या नोटिसा लागतात, वीज-पाणी तोडले जाते, आणि लोक पिशवी घेऊन उतरतात. इमारत पडण्याच्या बेतात असताना सामानाची यादी करायला कोण वर जाणार? पण त्या घरांतले भाडेकरूपण इमारतीबरोबर संपत नाही, एवढे तरी प्रत्येकाने ध्यानात ठेवावे आणि खोलीचे मोजमाप, पावत्या, फोटो बरोबर घेऊनच उतरावे.

हा प्रश्न सुटण्यासारखा नाही असे नाही. इंग्लंडच्या १९७७ च्या कायद्यात दुसऱ्याचा माल अंगावर पडलेल्या माणसाने नोटीस कशी द्यावी, किती थांबावे, विकून आलेल्या पैशातून खर्च कापून उरलेले कसे परत करावे हे लिहिले आहे. कॅलिफोर्नियात मालकाने नोटीस हाती दिली तर पंधरा दिवस, टपालाने पाठवली तर अठरा. सामानाची किंमत सातशे डॉलरांच्या आत वाटली तर मुदतीनंतर मालक ते ठेवू किंवा टाकू शकतो, वर वाटली तर जाहीर लिलाव. नियम कठोर वाटेल, पण दोघांनाही आकडा माहीत आहे. आपल्याकडे केंद्राने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. निवासी जागेला दोन महिन्यांहून जास्त अनामत नको, मुदतीनंतर दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे, असे त्यात चांगले मुद्दे आहेत. राज्यांनी स्वीकारला तरच तो लागू होतो.

महाराष्ट्राला त्यासाठी थांबायची गरज नाही. १९९९ च्या कायद्यात एक कलम पुरे: ताबा मिळताच यादी, शेवटच्या पत्त्यावर आणि मोबाईलवर नोटीस, तीस दिवस सांभाळ, मग न्यायालयाला कळवून विक्री, आणि कागदपत्रे कधीही नष्ट न करणे. ताब्याचा आदेश देतानाच न्यायालयांनी आणि सक्षम प्राधिकाऱ्यांनी ‘आतल्या जंगम मालाचे असे करावे’ ही एक ओळ लिहिली तरी निम्मे वाद जिन्यातच मिटतील. वकिलांनी ती मागायला हवी. बहुतेक जण ताबा मिळाल्याच्या आनंदात मागत नाहीत.

तोवर करार आपल्या हातात आहे. लायसन्सचा करार करताना सुरुवातीलाच मालकाच्या वस्तूंची यादी जोडतात, पंखे किती आणि गीझर कोणता. त्याच पानावर खाली चार ओळी घाला: जागा सोडताना चावी लेखी पोहोच घेऊन द्यायची, चावी दिल्यावर किंवा आदेशाने ताबा गेल्यावर आत राहिलेल्या सामानाची दोन साक्षीदारांसमोर, फोटोंसह यादी होईल, तीस दिवसांत ते नेले नाही तर पुन्हा एक नोटीस देऊन ते विकले जाईल आणि खर्च वजा करून उरलेली रक्कम परत दिली जाईल, कागदपत्रे राखून ठेवली जातील. चावी मिळण्याआधी किंवा आदेशाआधी दार उघडण्याचा हक्क मालकाला देणारी ओळ घालू नका, ती न्यायालयात टिकणार नाही. भाड्याने राहणाऱ्यानेही ही कलमे मागून घ्यावीत. अनामत परत मिळवताना तीच उपयोगी पडतात. करार नोंदवणारा एजंट म्हणेल, छापील मसुद्यात हे नसते, कशाला वाढवता. त्याला सांगा, घाला. चार ओळी वाढल्या म्हणून मुद्रांक शुल्क वाढत नाही, आणि नोंदणी फी शहरात हजार रुपये आहे तेवढीच राहते.